आधी काम, मग पाटी: विकास अर्थशास्त्रज्ञांचं देशव्यापी जाळं उभारताना

तुम्ही विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवता, गरिबी, शेती, रोजगार, स्थलांतर अशा विषयांवर काम करता, आणि देशभर विखुरलेल्या आपल्यासारख्यांचं मिळून काहीतरी असावं असं वाटू लागतं. विचार चांगलाच आहे. पण अशी बहुतेक जाळी उलट्या टोकाने सुरू होतात. आधी नाव ठरतं, मग बोधचिन्ह, मग अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि उद्घाटनाला कुलगुरू. दुसऱ्या वर्षी व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या उरतात. इथे सुलट टोकाने जाऊ. उदाहरणं भारतातली, त्यातही महाराष्ट्रातली जास्त घेतली आहेत.

आधीपासून काय आहे, ते बघा

इंडियन इकॉनॉमिक असोसिएशन १९१७ पासून आहे. शेतीच्या अर्थशास्त्रासाठी मुंबईची इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल इकॉनॉमिक्स १९३९ पासून, श्रमाच्या अर्थशास्त्रासाठी १९५७ पासून आणि इकॉनॉमेट्रिक्ससाठी १९६० पासून देशपातळीवरच्या संस्था आहेत. १९६९ साली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, स्थापन झाली. केंद्रीय कृषी मंत्रालयाची कृषी-आर्थिक संशोधन केंद्रं १९५०च्या दशकापासून वेगवेगळ्या राज्यांत काम करताहेत, त्यातलं एक पुण्याच्या गोखले संस्थेत. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत डिसेंबरात विकासाच्या अर्थशास्त्रावर परिषद भरते. आपल्याकडे मराठी अर्थशास्त्र परिषद आहे, तिचं वार्षिक अधिवेशन होतं आणि ‘अर्थसंवाद’ निघतो.

मग नवीन कशाला? हा प्रश्न टाळू नका. या संस्थांचं बळ अधिवेशन आणि नियतकालिक यांत आहे. दोन अधिवेशनांच्या मधल्या अकरा महिन्यांत लातूरच्या प्राध्यापकाचा अर्धवट निबंध कुणी वाचत नाही आणि त्याची प्रश्नावली धारवाडच्या कुणाच्या हाती पडत नाही. जाळ्याचं काम या अकरा महिन्यांतलं आहे. एका कागदावर लिहा: आम्ही असं काय करू, जे आज कुणीच करत नाही? अर्धं पानही भरलं नाही तर नवी संस्था काढू नका. जुन्या संस्थेचे सभासद व्हा आणि तिथेच एखादा अभ्यासगट सुरू करा. तसं केल्याने तुमची दोन वर्षं वाचतील.

एकट्याने न सुटणारा एक प्रश्न धरा

‘भारताचा विकास’ या विषयाभोवती जाळं विणता येत नाही. प्रश्न असा हवा की एका गावी बसून त्याचं उत्तरच मिळू नये.

ऊसतोडीचं बघा. दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगर, जालना भागातून टोळ्या निघतात. काही कोल्हापूर-सांगलीकडे जातात, काही सीमा ओलांडून बेळगाव-बागलकोटकडे. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा मध्यस्थ, आधीच उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि हंगामभर ती कामातून फिटत राहते, किंवा फिटत नाही. करार होतो तो ‘कोयत्या’शी, म्हणजे बहुतेकदा नवरा-बायकोच्या जोडीशी. त्यामुळे बाईची मजुरी वेगळी कुठे नोंदलीच जात नाही. बीडच्या संशोधकाला कर्ज दिसतं, बंद घरं दिसतात, आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं दिसतात. कोल्हापूरच्या संशोधकाला कारखान्याचं गाळप दिसतं आणि वाहतूकदाराचे हिशेब दिसतात. बेळगावच्या संशोधकाला दुसऱ्या राज्याचं कामगार खातं आणि दुसरी भाषा दिसते. तिघांनी आपापले तीन निबंध लिहिले तर तिन्ही अपुरे राहतील.

आता याला देशव्यापी करा. पश्चिम ओडिशातल्या बलांगीरहून लोक तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर जातात तेही आगाऊ रक्कम घेऊनच. पीक वेगळं, भट्टी वेगळी, मध्यस्थाचं नाव वेगळं, पण मजुराला आधीच पैसे देऊन बांधून ठेवण्याची रीत तीच. आगाऊ रकमेमुळे हंगामातली मजुरी किती कमी होते आणि मजुराला मालक बदलता येतो का, हा प्रश्न बीड-बेळगाव आणि बलांगीर-तेलंगणा अशा दोन जोड्यांत सारख्याच प्रश्नावलीने विचारता येईल. अशा प्रश्नाला देशभरचं जाळं लागतं. शिवाय त्याचं उत्तर संशोधकांखेरीज कामगार संघटनांना, कारखान्यांना आणि शिक्षण खात्यालाही हवं असतं. तेही तपासून घ्या, कारण ज्याचं उत्तर कुणालाच नको त्या प्रश्नाला पुढे पैसेही मिळत नाहीत.

पहिली माणसं

बारा-पंधरा जण पुरे. किमान चार राज्यांतले असावेत आणि निम्मे तरी महानगरांबाहेरचे. दिल्ली-मुंबईची नावं घेऊन सुरुवात केली की बाकीचे आपोआप ‘प्रशिक्षणार्थी’ होऊन बसतात. मग शहरातल्यांनी शिकवायचं, गावातल्यांनी माहिती गोळा करून द्यायची आणि निबंधावर नाव शहरातल्यांचं! ही वाटणी पहिल्याच बैठकीत मोडा. बीडच्या माणसाला मुकादम माहीत आहे, मुंबईच्या माणसाला रिग्रेशन, म्हणजे आकड्यांमधले संबंध मोजण्याची रीत, माहीत आहे. दोघांनी एकमेकांना शिकवायचं आहे.

माणसं शोधायला मोठ्या परिषदांपेक्षा पीएचडीचे प्रबंध उपयोगी. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात विषय टाकून पाहा. तुमच्याच प्रश्नावर कुठल्या तरी विद्यापीठात कुणीतरी तीनशे पानं लिहून ठेवलेली सापडतात आणि ती फारशी कुणी वाचलेलीही नसतात. त्या माणसाला फोन करा, प्रबंधातला नेमका भाग सांगून बोला. एवढं आमंत्रण पुरतं.

वेळेचं गणित मात्र खरं मांडा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास अध्यापन असतं. वर नॅक, परीक्षा, प्रवेश, निवडणुकीची ड्यूटी. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची तर गोष्टच वेगळी. त्यांना सुट्टीतले पैसे मिळत नाहीत आणि प्रवासाचा खर्च कॉलेज देत नाही. त्यामुळे बैठक मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. ऊसतोडीसारख्या विषयात दिवाळीला लोक निघत असतात, तेव्हा क्षेत्रकामही त्याच दिवसांत येतं, म्हणून बैठक मेमध्येच बरी. तासिका तत्त्वावरच्या सभासदाचं तिकीट आधी काढून द्या. ‘नंतर बिल द्या, परतावा देऊ’ ही पद्धत त्याला बाहेर ठेवण्याचा सभ्य मार्ग आहे.

सामायिक कपाट: डेटा

जाळं प्रत्यक्षात धरून ठेवतो तो डेटा. याचा दाखला आपल्याच गावांत आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांचा अभ्यास सुरू केला. त्यांत सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली कानझरा आणि किनखेडा, आणि उरलेली दोन महबूबनगरची होती. प्रत्येक गावातली ४० कुटुंबं निवडली. त्यांत १० भूमिहीन मजुरांची आणि बाकीची लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची. तपासनीस गावातच राहायचे आणि दर काही आठवड्यांनी त्याच कुटुंबांना भेटायचे. दहा वर्षं हे चाललं, पुढे २००१ नंतर पुन्हा सुरू झालं. या नोंदींवर जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी काम केलं. दुष्काळात कुटुंबं एकमेकांना कशी सावरतात, पैसे कुठे ठेवतात, जमीन कधी विकतात. त्यातल्या कित्येकांची एकमेकांशी भेटही झाली नसेल, पण शिरापूरचा डेटा सगळ्यांचा.

तुम्हाला दहा वर्षं गावात माणूस ठेवणं परवडणार नाही. सुरुवात सरकारी डेटापासून करा. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून चालू आहे आणि सांख्यिकी मंत्रालय तिचा कुटुंबनिहाय डेटा नोंदणी केल्यावर मोफत देतं. २०१७-१८ पासून श्रमबळ पाहणी आहे, २०२२-२३ आणि २०२३-२४च्या उपभोग खर्चाच्या पाहण्या आहेत. मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेमार्फत होणारी कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासूनची आहे. दिल्लीची आर्थिक संशोधन संस्था एनसीएईआर आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांच्या मानव विकास पाहणीत ४० हजारांहून जास्त कुटुंबं असून २००४-०५च्या बहुतेक कुटुंबांना २०११-१२ मध्ये पुन्हा गाठलं होतं.

मोफत मिळणं आणि वापरता येणं यांत अंतर आहे. फाइल उघडली की आकड्यांच्या अखंड ओळी दिसतात. कुठल्या स्थानापासून कुठल्या स्थानापर्यंत काय आहे ते वेगळ्या तक्त्यात असतं, आणि मल्टिप्लायर, म्हणजे पाहणीतलं एक कुटुंब प्रत्यक्षात किती कुटुंबांच्या वतीने आहे तो आकडा, न लावता काढलेली टक्केवारी चुकीचीच असते. जाळ्याचं पहिलं सामायिक काम म्हणून एक पाहणी घ्या, ती आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वाचण्याचा कोड लिहा, अधिकृत अहवालातले दोन-तीन आकडे त्याने जसेच्या तसे निघतात का ते पडताळा आणि सगळ्यांना द्या. स्टाटा या विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना ज्याच्याकडे आहे त्याने तो खुशाल वापरावा, पण जाळ्याचा कोड परवान्यावर अडकता कामा नये.

त्याच्या सोबत एक ‘खाचखळग्यांची वही’ ठेवा. ही वही माझ्या मते कुठल्याही शोधनिबंधापेक्षा मोलाची. १९९९-२०००च्या उपभोग पाहणीत खाण्यावरचा खर्च ७ दिवसांचा आणि ३० दिवसांचा असा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला गेला. उत्तरं एकमेकांवर सांडली आणि गरिबी १९९३-९४ पासून खरंच किती घटली यावर अर्थशास्त्रज्ञ अनेक वर्षं भांडले. २०१७-१८ची उपभोग पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०२२-२३च्या पाहणीत एकाच कुटुंबाला तीन वेळा भेटण्याची नवी पद्धत आली, त्यामुळे तिची तुलना २०११-१२शी थेट करता येत नाही. असल्या गोष्टी ज्येष्ठांना तोंडपाठ असतात आणि नव्याला कुणी सांगत नाही. मग तो दोन आकडे शेजारी ठेवून रेघ ओढतो. वहीत कोणत्या फेरीत काय बदललं, कशाची तुलना चालते, कशाची नाही, एवढं साध्या वाक्यांत लिहून ठेवा.

क्षेत्रातला स्वतःचा डेटा गोळा कराल तेव्हा नावं आणि उत्तरं वेगवेगळ्या फाइलींत ठेवा आणि नावांची फाइल फक्त त्या भागाच्या प्रमुखाकडे असू द्या. गाव, मुकादम आणि उचलीची रक्कम एकत्र दिसली तर कुणी काय सांगितलं हे मुकादमाला ओळखता येतं आणि पुढच्या हंगामात त्याचे भोग मजुराला भोगावे लागतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ती अटींसह. त्या डेटावरून एखाद्या व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरवलेले निकष पाळले जात असतील तरच. अनेक विद्यापीठांत सामाजिक शास्त्रांसाठी नैतिकता समिती नसते. ज्या सभासदाच्या संस्थेत आहे तिथून सगळ्या जाळ्याच्या प्रश्नावलीला मंजुरी घ्या.

बैठक म्हणजे अधिवेशन नव्हे

या बाबतीत नैरोबीच्या आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियमकडून शिकण्यासारखं आहे. १९८८ पासून ते आफ्रिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांना लहान अनुदानं देतात आणि वर्षातून दोनदा कार्यशाळा घेतात. अनुदान मिळालेल्याने आधी प्रस्ताव मांडायचा, पुढे काम कुठवर आलं ते सांगायचं, मग अंतिम अहवाल. प्रत्येक वेळी अनुभवी अभ्यासक आणि बरोबरीचे संशोधक ते फाडून बघतात आणि पुढचा हप्ता त्यानंतर सुटतो. पैसे देणारे आणि विषयाची गुणवत्ता ठरवणारे यांच्या समित्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या. पुढे १९९३ मध्ये अनेक विद्यापीठांचा मिळून एमएचा अभ्यासक्रमही त्यांनी उभा केला, पण मुळाशी आहेत त्या दर सहामाहीच्या कार्यशाळा.

आपल्याकडे करायचं ते असं. दोन दिवस, सहा निबंध, जास्त नाही. निबंध पंधरा दिवस आधी सगळ्यांकडे पोचलेला हवा. लेखकाने स्वतः मांडायचा नाही, दुसऱ्या सभासदाने त्याचा सारांश आणि दोष सांगायचे, लेखकाने पहिली दहा मिनिटं ऐकायचं. ज्याचा निबंध घेतला त्याने दुसऱ्या एकाचा वाचलाच पाहिजे. भिशीसारखंच हे, आपली पाळी येणार म्हणून इतरांची पाळी नीट पाळली जाते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि मान्यवरांचं मनोगत यांना पूर्ण रजा. यजमान महाविद्यालय फारच आग्रह धरत असेल तर तो कार्यक्रम आदल्या संध्याकाळी चहाबरोबर उरकून घ्या.

बैठकीची जागा फिरती ठेवा. अंबाजोगाईला भरली तर दिल्लीकरांना बसचा प्रवास घडेल, हाही फायदाच. दोनापैकी अर्धा दिवस गावात घालवा. कारखान्याच्या तळावर उभं राहून मांडलेला प्रश्न वेगळा असतो.

भाषेची अट ठेवू नका. मराठी, हिंदी, कन्नड, ज्यात बोलता येईल त्यात बोलू द्या, शेजारचा सांगेल. लेखन इंग्रजीत करावं लागणार असेल तर इंग्रजी सुधारायला एक सभासद नेमा आणि त्या कामाचं श्रेय त्याला द्या.

श्रेयाचा कागद

मैत्री आहे म्हणून हे तोंडी ठेवतात आणि पहिला निबंध स्वीकारला गेला की मैत्री संपते. क्षेत्रात उतरण्याआधी एक पानभर लेखी करार करा. कुणाची नावं लेखक म्हणून, कोणत्या क्रमाने, डेटा गोळा करणाऱ्यांना तो किती महिने आधी वापरायला मिळेल, त्यानंतर तो सभासदांना आणि मग सगळ्यांना कधी खुला होईल. प्रश्नावली घडवणारा आणि क्षेत्रकाम सांभाळणारा माणूस लेखक असतो, त्याला आभारात ढकलायचं नाही. बढतीसाठी निबंध मोजले जातात, त्या दबावाखाली पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांकडे लोक वळतात. ‘जाळ्याच्या डेटावरचा निबंध तिथे जाणार नाही’ हे याच पानावर लिहा.

नोंदणी आणि पैसा: घाई नको

पहिली दोन वर्षं नोंदणी नको. एखाद्या संस्थेच्या छत्राखाली प्रकल्प म्हणून चालवा, खातं आणि लेखापरीक्षण त्यांचं. काम टिकलं तरच पुढे जा.

तेव्हा दोन वाटा. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि अखिल भारतीय स्वरूप हवं असेल तर वेगवेगळ्या राज्यांतले आठ जण मागितले जातात. महाराष्ट्रात अशी संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आलं. कार्यकारिणी बदलली की दर वेळी बदल अर्ज. तो रखडला तर कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात आणि बँक नव्यांच्या सह्या मानत नाही. दुसरी वाट कंपनी कायद्याच्या कलम ८ची, म्हणजे ना-नफा कंपनीची. तिथे सीएचा खर्च जास्त पण पदाधिकारी बदलणं सोपं. दर दोन वर्षांनी सूत्रं फिरवायची असतील तर मी दुसरी वाट धरेन. देणगीदाराला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याकडची वेगळी नोंदणी दोन्हीकडे लागते.

परदेशी पैशाचं मात्र नीट समजून घ्या, कारण जाळ्यांना सगळ्यात जास्त फटका तिथे बसतो. २०२०च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरी. केंद्राने अनुदान घ्यायचं आणि पाच राज्यांतल्या भागीदारांना वाटायचं, हा जुना साचा त्यामुळे बंद झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. नव्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. नवख्या जाळ्याने या मागे लागूच नये. आयसीएसएसआरचे प्रकल्प आणि परिसंवादांचे निधी, देशी प्रतिष्ठानं, कंपन्यांचा सीएसआर, आणि प्रत्येक भागीदार संस्थेने आपापल्या नावावर मिळवलेला पैसा यांवर भागवा.

पैसा मिळाला की पहिला खर्च एका पूर्णवेळ समन्वयकाच्या पगाराचा. प्राध्यापक हौसेने आठवण करून देतील, हिशेब ठेवतील, डेटाच्या आवृत्त्या सांभाळतील, हे वर्षभर चालत नाही. दुसरा खर्च क्षेत्रातल्या तपासनिसांचा. त्यांना वेळेवर आणि नीट पैसे द्या. वाईट डेटाची मुळं बहुतेकदा तिथेच सापडतात.

सूत्रं हातची सोडताना

निमंत्रक दोन वर्षांनी बदलायचा, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा आणि पुढच्याचं नाव सहा महिने आधी ठरवा. त्या सहा महिन्यांत दोघांनी मिळून काम करायचं. जाताना जुन्या निमंत्रकाने द्यायच्या गोष्टी: डेटाच्या सगळ्या आवृत्त्या आणि त्यांचा कोड, खाचखळग्यांची वही, श्रेयाचे सह्या झालेले कागद, अर्धवट निबंधांची यादी आणि कुणी कुणाचं वाचायचं राहिलं आहे ते, सभासदांचे पत्ते, बँकेच्या सह्यांचे फॉर्म, बदल अर्जाची पोच आणि ईमेलचा पासवर्ड. नावांची गोपनीय फाइल या यादीत नसते. ती त्या-त्या भागाच्या प्रमुखाकडेच राहते, आणि प्रमुख बदलला तर दोन सभासदांच्या समोर हाती दिली जाते.